गच्चीवरचा टेनेट

प्रत्येक सोसायटीत विज्ञान कळणारा म्हणून एक माणूस ठरलेला असतो. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत तो मान माझ्याकडे होता. मी बी. कॉम. असून उभी हयात विम्याचे दावे तपासण्यात घालवली, ही गोष्ट त्याच्या आड कधी आली नाही. झालं होतं असं की, एका दिवाळी अंकात माझी एक विज्ञानकथा छापून आली होती. तीत यंत्रमानव बंड करतो, मुंबई ताब्यात घेतो आणि शेवटी नायकाला जाग येते. कथा कोणी वाचली नाही. पण ती छापून आल्याचं सगळ्यांना कळलं, कारण तशी तजवीज मी स्वतःच केली होती. तेव्हापासून लिफ्ट मध्येच अडकली, गिझरच्या नळाला शॉक लागला किंवा ग्रहणात भाजी चिरावी की नाही असा पेच पडला, की आमची बेल वाजायची. मीही मुद्दाम जरा वेळ लावून बाहेर यायचो. विज्ञानवाल्याने लगेच दार उघडू नये.

ही प्रतिष्ठा एका कोजागिरीला गेली. ती कशी गेली हे सांगता सांगता क्रिस्टोफर नोलनच्या 'टेनेट' या सिनेमाबद्दलही बोलून घेतो, कारण त्या रात्री मला कोणी धड बोलू दिलं नाही.

आमचा कोजागिरीचा कार्यक्रम वर्षानुवर्षं तोच. आधी भेळ, मग गाण्याच्या भेंड्या, मग पांढऱ्या चादरीवर 'अशी ही बनवाबनवी' आणि बाराच्या ठोक्याला मसाला दूध. १९८८ सालचा हा सिनेमा आमच्या गच्चीला इतका पाठ आहे की, पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याचा संवाद पाण्याच्या टाकीजवळून ऐकू येतो. त्या वर्षीच्या बैठकीत मी उठलो आणि जग कुठे चाललंय, आपण कुठे आहोत, नव्या पिढीला आपण काय देणार आहोत, असं बरंच काही बोललो. चेअरमन म्हणाले, "मग काय लावायचं ते सांगा." मी म्हणालो, "टेनेट."

कोणी काही बोलेना. मग मी माल विकायला काढला. डिंपल कपाडिया आहे. होय, 'बॉबी'तलीच. मुंबई आहे, सप्टेंबर २०१९ मध्ये नोलन सगळा लवाजमा घेऊन दक्षिण मुंबईत चित्रीकरण करून गेलाय. खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात. २०२१ साली व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालंय. आणि लांबी बरोबर अडीच तास. नऊला लावला की साडेअकराला संपतो, दूध आटायला अर्धा तास हातात राहतो. हा शेवटचा मुद्दा खजिनदारांना पटला आणि ठराव मंजूर झाला. सिनेमा कशाबद्दल आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

काढला नाही, कारण मलाही तो नीटसा ठाऊक नव्हता. 'टेनेट' भारतात लागला ४ डिसेंबर २०२० रोजी. लॉकडाऊननंतर नुकतीच थिएटरं उघडली होती, तीही निम्म्या क्षमतेने. एक खुर्ची सोडून एक माणूस, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. माझ्या चष्म्यावर वाफ धरत होती, त्यामुळे सिनेमाचा निम्मा भाग मी धुक्यातून पाहिला. पडद्यावरही बरीच मंडळी मास्क लावून फिरत होती. त्यांचं चित्रीकरण करोनाच्या आधीच उरकलं होतं, तेव्हा तो निव्वळ योगायोग. पण मला वाटलं, काय हा द्रष्टा माणूस! बाहेर पडताना एक मुलगा मित्राला म्हणाला, "काही झेपलं नाही यार." मलाही झेपलं नव्हतं. पण त्याला झेपलं नाही म्हणजे सिनेमा उच्च असणार आणि उच्च सिनेमा पाहून आलो म्हणजे मीही थोडा वर गेलो असणार, असा हिशेब मी रिक्षात बसेपर्यंत जमवला. पुढे कुठेही विषय निघाला की मी "एंट्रॉपी" एवढंच म्हणायचो आणि चहाचा घोट घ्यायचो. विम्यातल्या नोकरीने एक शिकवलं आहे: न कळलेल्या कलमाबद्दल हळू आवाजात बोललं, की समोरचा सही करतो.

गच्चीवर मात्र प्रास्ताविक करायचं होतं. म्हणून मी पुन्हा सिनेमा पाहिला, थांबवून थांबवून, हातात लाल आणि निळं स्केचपेन घेऊन. आणि खरं सांगतो, मूळ कल्पना कळल्यावर मी हरखून गेलो. भविष्यातल्या लोकांनी वस्तूची आणि माणसाची एंट्रॉपी उलटी फिरवण्याची युक्ती शोधून काढली आहे. तशी उलटवलेली गोळी भिंतीतल्या भोकातून निघते आणि बंदुकीत परत येते. उलटवलेला माणूस स्वतःच्या मते सरळच चालत असतो, पण त्याच्याभोवतीचं जग मागे मागे जाताना त्याला दिसतं. आपली हवा त्याच्या फुप्फुसांना चालत नाही, म्हणून तो प्राणवायूचा मास्क लावतो. तो आगीत सापडला तर भाजत नाही, गारठतो. आणि सगळ्यात झकास नियम हा, की मागच्या आठवड्यात जायचं असेल तर आठवडाभर उलटं जगावं लागतं. यंत्रात बसून बटण दाबलं आणि शिवाजी महाराजांच्या दरबारात उतरलो, असली चैन इथे नाही. कालप्रवासाला इतके कष्ट लावणारा दुसरा सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. नोलनची ही पहिली जमेची बाजू. अद्भुत गोष्टीची तो पुरती किंमत वसूल करतो.

हे सगळं मी एका मोठ्या चार्ट पेपरवर काढलं. सरळ चालणारा माणूस लाल रेघेने, उलटा चालणारा निळ्या रेघेने; सिनेमातही रंग तेच आहेत. दोन दिवसांत कागदाची अशी अवस्था झाली की बायकोने विचारलं, "मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आहे का?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. भाच्याने सुचवलं, "मामा, हिंदी डब लावू या ना, सगळ्यांना बरं पडेल." मी म्हणालो, "कलाकृती मूळ भाषेतच पाहायची असते." सिनेमा लॅपटॉपवर भाच्यानेच आणला होता. कुठून, ते मी विचारलं नाही.

कोजागिरीची रात्र आली. चादर बांधली, प्रोजेक्टर लावला, मी तक्ता घेऊन उभा राहिलो. सुरुवात सोपी आणि मराठमोळी करावी म्हणून म्हणालो, "मंडळी, टेनेट हा शब्द पुढून-मागून सारखाच वाचता येतो. आपल्याकडे नाही का, तो कवी डालडा विकतो!" टाळ्या पडल्या. आणि तिथेच थांबायला हवं होतं असं टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक उठून म्हणाले, "पण कवीतला वी दीर्घ आणि विकतोमधला वि ऱ्हस्व. उलटं वाचल्यावर शुद्धलेखन चुकतं." त्यावर ऱ्हस्व-दीर्घाचे दोन पक्ष पडले. एका काकूंना डालड्याचा पिवळा डबा आठवला, त्यातली तुळस आठवली. दुसऱ्या म्हणाल्या, डालड्यातले शंकरपाळे काही वेगळेच व्हायचे. आता हीच कल्पना सिनेमात काय झकास वापरली आहे, हे मला सांगायचं होतं. पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेला पाच लॅटिन शब्दांचा चौकोन आहे, कुठूनही वाचा, तोच मजकूर येतो. त्यातला सेटर हा खलनायक, अरेपो हा नकली चित्रं काढणारा, ऑपेरात सिनेमाची सुरुवात, रोटास ही कंपनी आणि मधोमध टेनेट. पण गच्ची शंकरपाळ्यांवरून चिरोट्यांवर गेली होती. सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं. तक्ता गुंडाळून मी खाली बसलो. एंट्रॉपी राहूनच गेली.

सिनेमा सुरू झाला. चादरीवर काही दिसेना. पाठ असलेल्या 'बनवाबनवी'ला ते दरवर्षी खपून गेलं होतं, पण उघड्या गच्चीवर आजूबाजूच्या दिव्यांच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो, हे ज्याला सुचायला हवं तो सोसायटीचा विज्ञानवाला मीच. चादरीच्या वर ताडपत्री ताणून जेमतेम अंधार केला. तोवर कीवच्या ऑपेरागृहात तुफान गोळीबार चालू होता. स्पीकर खजिनदारांच्या मेहुण्याने गणपतीतून आणलेले. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत गेला. खालची कुत्री भुंकायला लागली. एका आजींनी कानावर हात ठेवून विचारलं, "हे कोण कोणाला मारतंय?" प्रश्न अगदी योग्य होता. या प्रसंगात एका फौजेच्या वेषात दुसरी फौज असते आणि तिच्यातही आणखी कोणी मिसळलेले असतात. मी म्हणालो, "कळेल पुढे." पुढचे अडीच तास मी हेच वाक्य म्हणत होतो.

दहा वाजले. उघड्यावर स्पीकर लावायचा तर दहानंतर बंदी. सेक्रेटरी नियमाचे पक्के. त्यांनी आवाज इतका खाली आणला की चंद्राचाही आवाज मोठा वाटावा. पण 'टेनेट'च्या बाबतीत एक मान्य करायला हवं: आवाज कमी केल्याने संवादांचं काहीही नुकसान झालं नाही. ते मुळातच ऐकू येत नाहीत. जगभर या सिनेमाविषयी सर्वांत मोठी तक्रार हीच झाली. कलाकारांनी चित्रीकरणाच्या वेळी म्हटलेले संवादच शक्यतो ठेवायचे, मागाहून स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचे नाहीत, हा नोलनचा हट्ट. त्यात निम्मी पात्रं मास्कमधून बोलणार, पाठीमागे लुडविग योरान्सनचं दणदणीत संगीत वाजणार आणि नेमकी कथेची किल्ली त्याच क्षणी कोणीतरी पुटपुटणार. संगीत उत्तमच आहे, अंगावर काटा येतो. पण ज्या सिनेमाची सगळी मदार समजावून सांगण्यावर आहे, त्याने समजावणाऱ्याचं तोंडच बांधावं, हा कसला न्याय!

इंग्रजी सबटायटल होती म्हणून बरं. निदान मला तसं वाटलं. थोड्या वेळाने मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, या सिनेमात उत्तर आधी येतं आणि प्रश्न नंतर." मी पाहिलं. खरंच! नायक विचारायच्या आत खाली जबाब उमटत होता. माझ्या अंगात वीज संचारली. तक्ता उलगडून मी उभा राहिलो आणि सांगितलं, हीच ती उलटी एंट्रॉपी, कारणाच्या आधी कार्य, नोलनने ही कल्पना सबटायटलपर्यंत नेली आहे, असं धाडस जागतिक सिनेमात कोणी केलेलं नाही. मंडळींनी माना डोलावल्या. चेअरमन "वा" म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती सर्वोच्च मिनिटं होती. तेवढ्यात भाचा लॅपटॉपवरून ओरडला, "मामा, सबटायटल पुढे पळतायत, थांब, सिंक करतो!"

त्यानंतर थोडा वेळ मला कोणी काही विचारलं नाही, ते बरंच झालं. कारण पडद्यावर मुंबई आली आणि माझी गरजच संपली. यॉट क्लबात नायक आणि त्याचा साथीदार नील पहिल्यांदा भेटतात. मग दोघं रबरी दोराच्या जोरावर खालून वर झेपावत एका उंच इमारतीत शिरतात. सबंध गच्ची जागी झाली. ही कुठली इमारत यावर तीन मतं पडली. मेंटेनन्स किती असेल यावर चर्चा झाली. वॉचमन काय करत होता, हा प्रश्न सेक्रेटरींनी फार मनाला लावून घेतला. मग डिंपल आली. शस्त्रांचा व्यापारी म्हणून नायक ज्याच्या मागावर असतो तो संजय सिंग नावापुरता. खरा कारभार त्याच्या बायकोचा, प्रियाचा. हा सिनेमातला एकमेव खुलासा आहे जो आमच्या गच्चीवर समजावून सांगावा लागला नाही. सगळ्या बायका एकदम हसल्या आणि नवऱ्यांनी भेळेच्या कागदात डोकं घातलं. डिंपलचं काम आहेही ठसठशीत. कमी बोलून सगळ्यांना आपल्या जागी ठेवणारी बाई तिने सहज उभी केली आहे. पण ती येते आणि जाते. "डिंपल परत कधी?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं.

एव्हाना नील नायकाला व्हीलर आणि फाइनमन या शास्त्रज्ञांची कल्पना सांगू लागला होता: पॉझिट्रॉन म्हणजे काळात उलटा चाललेला इलेक्ट्रॉन. सबटायटल आता जागेवर आली होती. मुख्याध्यापकांनी ती वाचली आणि गर्रकन माझ्याकडे वळले. "याच व्हीलर-फाइनमन जोडीच्या दुसऱ्या एका सिद्धान्तावर नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलंय ना? त्यातही काळात मागे जाणाऱ्या लहरी येतात. त्यांनी तो थेट विश्वरचनेपर्यंत नेला. तुमचं यावर काय मत?" नारळीकरांच्या कथा मी वाचल्या होत्या. सिद्धान्ताशी माझा संबंध आला नव्हता. मी हळू आवाजात "एंट्रॉपी" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच दुसऱ्या भेळेसाठी उठलो.

विमान आदळलं तेव्हा मात्र मी जागेवर होतो. ऑस्लोचा विमानतळ म्हणून दाखवलेला हा प्रसंग कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिल इथे चित्रित झाला आणि ते बोइंग ७४७ खरं आहे. लहान प्रतिकृती आणि संगणकाची करामत यांचा हिशेब मांडल्यावर जुनं विमान विकत घेऊन खरोखरच आदळवणं जास्त परवडेल, असं नोलनच्या लक्षात आलं. हे मी सांगितलं आणि खजिनदारांचा चेहरा उजळला. "म्हणजे आधी कोटेशनं मागवली त्याने!" ते म्हणाले. "आणि भंगाराचे पैसे वेगळे आले असतील." त्या क्षणापासून नोलनला आमच्या गच्चीवर एक खंदा चाहता मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या या सिनेमात संगणकावर घडवलेली दृश्यं तीनशेच्याही आत आहेत. बाकीचं प्रत्यक्ष केलेलं. नट उलटे पळायला शिकले, उलट्या ठोशांच्या मारामाऱ्या शिकले, टॅलिनच्या रस्त्यावर गाड्या उलट्या हाकल्या गेल्या. एका बोळातली मारामारी आपण दोनदा पाहतो. पहिल्यांदा नायक एका मास्कवाल्याशी झुंजतो आणि नंतर कळतं की तो मास्कवाला म्हणजे उलटा आलेला नायकच. ही मारामारी मी एकट्याने पाहताना इतक्यांदा मागे-पुढे केली होती की रिमोटने दम टाकला. डोळ्यांना खोटं वाटत नाही, ही या सिनेमाची खरी ताकद. हिरव्या पडद्यापुढे हातवारे करणाऱ्या महापुरुषांचे सिनेमे पाहून विटलेल्या माणसाने हे विमान जरूर पाहावं.

आणि तरीही गच्ची जांभया देत होती. का, ते मला तोवर उमगलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उमगवलं. खलनायक सेटर आपल्या बायकोचा, कॅटचा, छळ करतो. एका नकली चित्राच्या प्रकरणात तिला अडकवून ठेवतो आणि मुलगा तोडीन अशी धमकी देतो. मुलासाठी ती सगळं सोसते. काकू म्हणाल्या, "ती सारखी मुलगा मुलगा करते, पण त्या पोराचं तोंड एकदा तरी नीट दाखवलंय का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. नव्हतं दाखवलं. पोरगं कायम लांबून, पाठमोरं. शाळेच्या फाटकाशी, बोटीवर. त्याने आईशी दोन शब्द बोललेले आपण ऐकत नाही. "मग मला कशाला वाईट वाटेल?" काकू म्हणाल्या आणि वाटाण्याच्या शेंगा सोलू लागल्या, त्या उद्याची भाजी सोबत घेऊन आल्या होत्या.

माझ्या लाल-निळ्या तक्त्यात ही उणीव कुठेच पडली नव्हती, कारण माझ्या तक्त्यातही माणसं नव्हती, नुसत्या रेघा होत्या. नायकाला या सिनेमात नावसुद्धा नाही. त्याचं घर नाही, आई नाही, आवडतं जेवण नाही. जॉन डेव्हिड वॉशिंग्टन चांगला नट आहे, चालतो रुबाबात, सूट शोभतो. पण त्याच्या आतलं काही आपल्या हाती लागत नाही. ज्या दिग्दर्शकाने खरं विमान आणलं, त्याने खरा मुलगा आणायची काटकसर का केली, हे मला कळत नाही. मुलगा विमानापेक्षा स्वस्त पडला असता.

दुसरी गोष्ट याहून बोचरी. भविष्यातले लोक आपल्यावर का उलटले आहेत? त्यांचे समुद्र चढलेत आणि नद्या आटल्यात म्हणून; ते आपण केलं म्हणून. नातवंडं आजोबांवर चालून आली आहेत, केवढी भयंकर कल्पना! यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. इथे ती शेवटाकडे दोन-चार वाक्यांत उरकली आहे. ती वाक्यं सबटायटलमध्ये आली नेमकी तेव्हाच आमची टाकी भरून वाहू लागली आणि गच्चीवर पाणी पसरलं. पंप बंद करायला कोण जाणार यावर वाद झाला. पंधरा मिनिटं पाणी वाहिलं. तोवर भविष्यातल्या लोकांची बाजू मला पुरेपूर पटली होती.

सेटरला मात्र गच्चीवर सहानुभूती मिळाली. त्याला असाध्य कर्करोग आहे आणि आपण मरणार तर जगही आपल्याबरोबर जावं अशी त्याची योजना. त्याच्या मनगटावर एक पट्टा आहे, नाडी थांबली की इशारा जातो. पट्टा पाहताच ज्येष्ठ मंडळींनी आपापल्या मनगटांकडे पाहिलं. चेअरमन म्हणाले, "माझ्यात पावलंच मोजतात फक्त." केनेथ ब्रानाने हा खलनायक रशियन हेल काढून दात-ओठ खात रंगवला आहे. कुणाला ते अति वाटेल. मला वाटलं, निदान एकाला तरी राग येतो.

शेवटच्या लढाईबद्दल काय सांगू? दहा मिनिटांची मोहीम, एक तुकडी सरळ चालते, दुसरी उलटी. लाल पट्टीवाले आणि निळ्या पट्टीवाले. एकच इमारत एकाच वेळी कोसळते आणि उभी राहते. दृश्य म्हणून अचाट. पण ही मंडळी कोणाशी लढतात ते दिसतच नाही. शत्रू जवळजवळ गैरहजर. ही हकिगत मी तक्त्याच्या आधारे समजावू लागलो, आणि ऐकायला म्हणून दुधाजवळ बसलेल्या दोघी उठून पुढे आल्या. केशर, वेलची, चारोळी घातलेलं दहा लिटर दूध मागे शेगडीवर एकटं राहिलं. आधी वास आला. मग "अगं बाई!" असा आवाज आला. दूध पातेल्याबाहेर येऊन शेगडीवरून गच्चीच्या उतारावर मघाच्या पाण्यात मिसळत चाललं होतं. मुख्याध्यापक त्याकडे बोट दाखवून सावकाश म्हणाले, "हे परत पातेल्यात जात नाही, ती एंट्रॉपी. बरोबर ना?" इतका अचूक खुलासा माझ्याने झाला नसता. बरोबर, म्हणालो.

या गोंधळात लढाईनंतरचं निरोपाचं दृश्य कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते एका आजींनी. त्या डिंपलनंतर खुर्चीतच झोपल्या होत्या आणि दुधाच्या आरडाओरड्याने जाग्या झाल्या. पडद्यावर नील नायकाचा निरोप घेत होता. आजी म्हणाल्या, "अरे, हा तोच! सुरुवातीला त्या नाटकगृहात याने त्याला वाचवलं होतं. पाठपिशवीला तोच लाल दोरा आहे बघ. आता मरायला चाललाय होय?" मी थक्क. दोन वेळा पाहूनही तो दोरा माझ्या नजरेतून निसटला होता. रॉबर्ट पॅटिन्सनच्या नीलसाठी ही मैत्री संपते आहे आणि नायकासाठी ती आता सुरू होणार आहे. यॉट क्लबात त्याने न विचारता याच्यासाठी डाएट कोक का मागवला होता, ते इथे समजतं. आपण ज्याला ओळखतो त्याला आपण अजून परके, हे दुःख सिनेमात एवढ्या एका ठिकाणी जिवंत होतं आणि पॅटिन्सन ते हसतमुखाने पेलतो. आजींना ते कळलं, कारण मधला दीड तास त्यांनी पाहिला नव्हता. माझ्या मते 'टेनेट'चं याहून नेमकं परीक्षण झालेलं नाही.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं: दूध वाया गेल्यापोटी अमुक रुपये, समोरच्या सोसायटीची लेखी तक्रार एक, पाण्याचा अपव्यय. ठराव क्रमांक चार: येत्या कोजागिरीस 'अशी ही बनवाबनवी' दाखवण्यात यावा. सूचक खजिनदार, अनुमोदक माझी बायको. गिझरची चौकशी हल्ली मुख्याध्यापकांकडे जाते.

तुम्ही 'टेनेट' पाहिला नसेल तर पाहा, मी मोडता घालणार नाही. बंद दारं-खिडक्यांत, मोठ्या पडद्यावर पाहा. हिंदी डब मिळाला तर तोच घ्या, त्यात कमीपणा नाही. पहिल्या तासाच्या आसपास विमान येतं, तेव्हा जागे राहा. बोळातली मारामारी चुकवू नका. लाल दोऱ्यावर लक्ष ठेवा. आणि शेवटची लढाई तुम्हाला कळलीच, तर कृपा करून मला फोन करू नका. तक्ता मी रद्दीत दिला आहे.